गुप्ते डॉक्टरांचा क्लच

थंडीच्या दिवसांत गुप्ते डॉक्टर रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या अंगणात येत. यावं असा त्यांचा हेतू नसे. ते आपल्या दारातून मोटारसायकलवर बसून रस्त्याला लागायला निघालेले असत आणि मोटारसायकल त्यांना आमच्याकडे घेऊन येई. गाडी सुरू झाली की ते पलीकडून मोठ्यांदा सांगत, "मास्तर, येतोय." आमच्या घरातून जो कोणी जवळ असेल तो "या" म्हणे. मग मधली पाखाडीची दगडी वाट ओलांडून, आमच्या फाटकाच्या मोकळ्या जागेतून ते आत येत, फणसाला एक वळसा घालत, आणि गाईच्या गोठ्यापाशी कुठेतरी टक्‌ असा आवाज झाला की गाडी त्यांच्या ताब्यात येई. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना हा प्रकार आदल्या दिवशीच समजावून सांगावा लागे. माझे मेहुणे एकदा न सांगता आले आणि सकाळी अंगणात तोंड धुवायला बसले. त्यानंतर ते आमच्याकडे उन्हाळ्यातच येऊ लागले.

नागावच्या पुढे रेवदंड्याच्या वाटेवर आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, आणि त्या सुमारास आमच्या समोरच्या घरात सरकारने गुरांचा दवाखाना उघडला. पुढच्या पडवीत दवाखाना आणि मागच्या दोन खोल्यांत डॉक्टर. एकटेच होते. लग्नाबद्दल कोणी विचारलं तर "फिरतीची नोकरी आहे" एवढंच सांगत. उंच, हाडापेराने दणकट, अंगात खाकी अर्धी विजार आणि वर काळा कोट, डोक्याला मफलर. त्यांच्या हातांना कायम फिनेलचा वास येई.

पहिली भेट मला लख्ख आठवते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. माझी बायको सुमती अंगण झाडत होती आणि मी ओटीवर दाढी करत होतो. समोरून मोठा फटफटाट झाला आणि आमचं बांबूचं फाटक मोडून, त्यातला अर्धा भाग गळ्यात घेऊन, एक गृहस्थ मोटारसायकलवरून आत आले. फणसाला फिरून गोठ्याशी थांबले. गळ्यातलं फाटक काढून त्यांनी अंगणाच्या दगडी गडग्याला नीट टेकवून ठेवलं. मग सुमतीला नमस्कार करून म्हणाले, "मी गुप्ते. समोर राहायला आलोय. गाय तुमचीच का?"

मी ओटीवरूनच, अर्ध्या गालाला साबण तसाच, "हो" म्हटलं. त्यांनी गाईचे डोळे पाहिले, कान हाताने चाचपले, शेपटी उचलून पाहिली आणि गाय उत्तम आहे असं सांगून ते पुन्हा गाडीवर बसून निघून गेले. फाटकाबद्दल संध्याकाळी येऊन माफी मागितली, आणि स्वतःच्या हाताने नवीन बांधून दिलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मोडलं. तिसरं फाटक आम्ही केलंच नाही.

मोटारसायकल त्यांनी लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या सामानाच्या लिलावात घेतली होती. रंग मातकट हिरवा, आवाज भात सडायच्या गिरणीसारखा. दिवसभर ती शहाण्यासारखी चाले. तिचं दुखणं फक्त सकाळचं होतं. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांची फारकत व्हावी, गिअर टाकला तरी गाडी जागची हलू नये, अशी योजना असते. पण थंडीत क्लच दाबूनही फारकत होत नसे. डॉक्टर गाडी चालू करत, क्लच दाबत, पहिला गिअर टाकत, आणि गाडी क्लचला न जुमानता सुटे. ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडे आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून ते ब्रेक दाबत नसत. क्लच दाबलेलाच ठेवून शांतपणे गाडी नेईल तिकडे जात, आणि तो सुटायची वाट बघत. तो साधारण पस्तीस पावलांवर सुटे. पस्तीस पावलांवर आमचा गोठा होता.

गाडी हाताने ढकलून आधी पाखाडीत का काढत नाही, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी तेही करून पाहिलं होतं. पाखाडीतून ती सरळ सार्वजनिक विहिरीकडे जाई. "तिथे बायका पाण्याला आलेल्या असतात," ते म्हणाले. "तुमच्याकडे निदान गाय आहे. तिला सवय झालीये."

एका रविवारी मी त्यांच्यामागे बसून अलिबागला इब्राहिम मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री वयस्क, पांढरी दाढी, बोलणं थोडं. गाडीवर बसले, एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "दाक्तरसाब, खराबी काय नाय. आत चकत्या हायत, त्या तेलात बुडलेल्या. थंडीत तेल घट्ट झाला का रातभर एकमेकीला धरून बसतात. फजरला चालू करायच्या आधी, गाडी बंद असतानाच, क्लच दाबायचा न् चार किका मारायच्या. सुटतात."

मला वाटलं, संपलं. चार किकांचं काम. पण डॉक्टर विचारात पडलेले दिसले. त्यांनी मिस्त्रींचे आभार मानले, आणि परत येताना नागाव मागे पडल्यावर गाडी थांबवून मला म्हणाले, "मास्तर, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. झोपलेल्या जनावराला लाथ घालायची नाही, हा माझा नियम आहे. नोकरीला लागल्यापासून पाळलाय."

मी म्हटलं की गाडी चालू करायला तुम्ही लाथ मारताच की.

"ती लाथ वेगळी. त्या लाथेने ती उठते. चालू न करता नुसत्या चार लाथा मारायच्या म्हणजे तिला कारण काय सांगायचं?"

मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

त्यांनी आपल्या पद्धतीने उपचार सुरू केले. दवाखान्यात प्रत्येक जनावराचा कागद असे, तसा त्यांनी मोटारसायकलचाही केला. तो मी पाहिलेला आहे. जात लष्करी, लिंग मादी, वय अंदाजे बारा. लक्षणं या सदरात लिहिलं होतं, "सकाळी सांधे धरतात. ऊन चढल्यावर आराम. भूक चांगली." उपचार म्हणून संध्याकाळी तिच्या पोटावर गोणपाट बांधायचं आणि सकाळी मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं. शेकायला मीठ सुमती तव्यावर गरम करून देई, कारण डॉक्टरांच्या घरी तवा नव्हता. शेकाने खरंच थोडा गुण येई. पस्तीस पावलांचं अंतर अठ्ठावीसवर आलं. डॉक्टरांनी तशी नोंद केली. मात्र अठ्ठाविसाव्या पावलावर आमची तुळस होती, आणि सुमतीने मीठ देणं बंद केलं.

हळूहळू आम्ही सरावलो. दूधवाली बाई सव्वासात होऊन जाईपर्यंत पाखाडीच्या तोंडाशी थांबे. सुमती वाल, आमसुलं, जे काही वाळत घालायचं ते फणसाच्या उजव्या अंगाला घाली, कारण डॉक्टर डावीकडून वळत. आणि ते आलेच आहेत तर म्हणून चहाचा एक कप त्यांच्यासाठी तयार असे. तो ते गाडीवर बसूनच पीत, एका हाताने क्लच धरून. "सोडला तर पुन्हा धरेल," म्हणत. मग आलोच आहे तर म्हणून गाईला बघत. आमच्या मोरीइतकी तपासलेली गाय त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात दुसरी नसावी. तिचा ताप ते रोज घेत आणि एका वहीत लिहून ठेवत. मार्च लागला, उकाडा सुरू झाला, की क्लच चिकटायचा थांबे आणि डॉक्टर सरळ रस्त्याला लागत. मग सुमती दोन-चार दिवस उगाच एक कप जास्त टाके.

माणूस म्हणून ते कसे होते हे सांगायचं तर राघो पाटलाचं सांगायला हवं. राघो आत डोंगराकडच्या गावचा भातशेतीवाला. पौषातल्या एका कडाक्याच्या सकाळी तो धावत आला. बैलाचं पोट फुगलं होतं, खाली पडला होता. त्याच्या घरी बैलजोडी एकच. डॉक्टरांनी पिशवी घेतली, राघोला मागे बसवलं, "मास्तर, येतोय" म्हणाले, आणि दोघे आमच्या अंगणात आले. राघोने डोळे मिटून डॉक्टरांच्या कंबरेला मिठी मारली होती. फणसाचा वळसा झाला, टक्‌ झालं, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "दाक्तर, ही गाडी हाय का रेडा हाय?"

"सांधे धरलेत तिचे," डॉक्टर म्हणाले.

"व्हय का. माज्या बापाचं पन धरतात."

"त्यांना किती वेळाने आराम पडतो?"

राघोने विचार करून सांगितलं की वडील न्याहारी करून उठले की नीट चालतात. डॉक्टरांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांना चहा घ्यायलाही वेळ नव्हता, तरी राघोच्या वडिलांना काय काय होतं हे त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. नंतर राघो मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला की डॉक्टरांनी बैलाच्या कुशीत सुई घालून वारा काढला, बैल उठला, आणि मग डॉक्टर त्याच्या बापाजवळ अर्धा तास बसले. बापाचे गुडघे त्यांनी गाईचे पाहावेत तसे पाहिले आणि सांगितलं की हे माझं काम नाही, पण शेक चालू ठेवा. "मानूस सरल हाय," राघो म्हणाला. "गाडीच तेवडी वाकडी."

आता जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू चांगली नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही घराचं छप्पर बदलायला काढलं. गवताच्या जागी कौलं घालायची होती. अलिबागहून बैलगाडीने कौलं आणून अंगणात रचून ठेवली. जागा मी डॉक्टरांना विचारूनच ठरवली होती, फणसाच्या उजव्या अंगाला. पण आदल्या रात्री फार गारठा पडला. सकाळी गाडी इतकी जोरात सुटली की डॉक्टरांना डावीकडे वळता आलं नाही. फटफटाट, मग बराच वेळ कौलं फुटल्याचा आवाज, आणि मग शांतता. धुरळा खाली बसल्यावर डॉक्टर कौलांच्या ढिगात गाडीवर बसलेले दिसले. कपाळातून रक्त येत होतं. क्लच हातात दाबलेला होता. "सुटला," ते म्हणाले.

त्यांनी सगळी कौलं नवीन आणून देतो म्हटलं, आणि दिलीही. पण मी त्या दिवशी शाळेत गेलो तो डोक्यात राख घालूनच. हेडमास्तरांनी विचारलं की तुमचे डॉक्टर आज घरात किती आत आले होते. मधल्या सुट्टीत मी कागद घेतला आणि अलिबागच्या त्यांच्या वरिष्ठांच्या नावे अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्या दिवशी ते फारच चांगलं आलं. "सदर मोटारसायकल अर्जदाराच्या अंगणात दररोज विनापरवाना प्रवेश करते" असं एक वाक्य मला अजून पाठ आहे. फाटकं, गडगा, कौलं, सगळं लिहिलं. घरी येऊन सुमतीला सांगितलं तेव्हा ती कळशी घेऊन पाण्याला गेली. संध्याकाळी ती मोरीला चारा घालताना मी जवळ गेलो, तेव्हा एवढंच म्हणाली की पाठवायच्या आधी मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

चार दिवसांत माझा राग गेला, पण अर्ज गेला तो गेला. महिन्याभराने साहेब स्वतः चौकशीला येणार असल्याचं पत्र आलं, मला एक आणि डॉक्टरांना एक. सकाळी सातला प्रत्यक्ष पाहणी होणार होती. त्या पत्रावरूनच डॉक्टरांना अर्जाचं कळलं. मी घाबरत होतो की आता ते काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आत आले, चहा घेतला, गाईचा ताप पाहिला आणि म्हणाले, "साहेब येताहेत. वहिनींना सांगा, त्या दिवशी एक कप जास्त लागेल."

पाहणीच्या दिवशी मी पहाटेच उठलो. बाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, आणि हवेत उकाडा. थंडीत असे एक-दोन दिवस येतात. साडेसहाला डॉक्टर चालत आमच्याकडे आले. या ऋतूत, या वेळी, ते चालत आलेले मी कधी पाहिले नव्हते. चेहरा उतरलेला.

"मास्तर, घोटाळा झालाय," ते म्हणाले. "आत्ता बघून आलो. क्लच सुटलेला आहे. गिअर टाकला तरी गाडी गाईसारखी उभी राहते."

मी म्हटलं, छानच झालं, मी साहेबांना सांगतो की माझ्या समजण्यात चूक झाली, आणि अर्ज मागे घेतो.

"असं कसं? अर्ज खरा आहे. सरकारी कागदावर तुम्ही खोटे ठराल. शाळेचा मास्तर खोटा ठरणं बरं नव्हे."

मी पुष्कळ समजावलं. क्लच चिकटलेला दिसला तर तुमची बदली होईल हेही सांगितलं. ते म्हणाले की त्याला इलाज नाही, लक्षण आहे ते लपवता येत नाही. आणि त्यांनी सुमतीकडे थंड पाणी मागितलं. विहिरीचं चालणार नव्हतं, ते थंडीत कोमट असतं. सुमतीने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली, आणि तिने माठातलं पाणी दिलं. ते गोणपाटावर ओतून डॉक्टर गाडीच्या पोटाला थंड पट्ट्या ठेवत बसले. मी ओटीवर बसून ते तसं करताना पाहत होतो. ज्या माणसाविरुद्ध मी अर्ज केला होता तो माझा अर्ज खरा करण्यासाठी घाम गाळत होता.

साहेब टांग्यातून आले. बुटके, गोरे, डोक्यावर सोला हॅट. आमच्या ओटीवर बसून त्यांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. त्यांनी मला विचारलं की मोटारसायकल रोज येते हे खरं का. मी म्हटलं की रोज असं नाही, कधीमधी. शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "रोज. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. रविवारीसुद्धा." साहेबांनी विचारलं, गडगा दोनदा पडला हे खरं का. मी म्हटलं की पावसानेही पडतो कधीकधी. डॉक्टर म्हणाले, "तीनदा. एक मास्तर लिहायला विसरले." साहेबांनी लिहिणं थांबवून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. अर्जदार कोण आणि सामनेवाला कोण, हे त्यांनी अर्ज उलगडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

मग प्रत्यक्ष पाहणी. डॉक्टर समोर आपल्या दारात गाडीवर बसले. किक मारली, गाडी चालू झाली. "मास्तर, येतोय," ते म्हणाले. सुमतीने आतून सवयीने "या" म्हटलं. डॉक्टरांनी क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. त्यांनी गिअर काढून पुन्हा टाकला. गाडी उभीच. पाखाडीत जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी हळहळलं. डॉक्टर गाडीवर मान खाली घालून बसले होते. नापास झालेला विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलाय, तसे.

साहेब म्हणाले की अर्जात तथ्य दिसत नाही. डॉक्टर गिअर काढून उतरले, त्यांच्याजवळ गेले आणि विनंती करू लागले की आज हवा बरी नाही, साहेबांनी एखाद्या गारठ्याच्या दिवशी पुन्हा यावं, मास्तर खरं बोलणारा माणूस आहे. साहेब चिडले. त्यांना वाटलं असावं की आम्ही दोघे मिळून त्यांची थट्टा करतोय. लढाईच्या काळात आपण यापेक्षा मोठ्या मोटारसायकली चालवलेल्या आहेत असं म्हणून ते स्वतःच गाडीवर बसले. गाडी चालूच होती. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, आमच्याकडे वळून "हे पाहा, काहीही होत नाही" म्हणाले, आणि बोलता बोलता हात उचलून गाडीकडे दाखवलं. तो क्लचचा हात होता.

साहेब आमच्या अंगणात आले. फणसाला वळसा घालायची माहिती त्यांना नव्हती. ते सरळ गोठ्यावरून मागच्या वाडीत गेले आणि सुपारीच्या झाडांना शिंपण्याचं पाणी जायचा जो पाट होता, त्यात आडवे झाले. आम्ही सगळे धावलो. डॉक्टरांनी वाटेत मोरीकडे एक नजर टाकून ती ठीक असल्याची खात्री केली, मग साहेबांना उचललं आणि त्यांचे हातपाय वाकवून पाहिले. काही मोडलेलं नव्हतं. साहेबांच्या हॅटमधून पाणी गळत होतं. मला वाटलं, झालं, एकदाचं सिद्ध झालं, आता निदान हा विषय संपला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "साहेब, एक स्पष्ट केलं पाहिजे. हा क्लच चिकटण्याचा प्रकार नव्हे. क्लच सुटलेला होता. हा तुमचा हात सुटला. मास्तरांच्या अर्जाला हा पुरावा धरू नये."

साहेब सुमतीने दिलेला चहा न घेताच टांग्यात बसले. पुढे त्यांच्या अहवालाची नक्कल मला आली. त्यात लिहिलं होतं की मोटारसायकल निर्दोष आहे, अर्जदार प्रामाणिक आहे, मात्र अर्जदाराचं घर दवाखान्याच्या अगदी समोर असल्याने गैरसोय संभवते. घर हलवणं खात्याच्या अधिकारात नसल्यामुळे डॉक्टरांची बदली करण्यात येत होती. माणगावला.

ते गेले तेव्हा ऊन तापू लागलं होतं. त्यांचं सामान एका बैलगाडीत मावलं. मोटारसायकल पाखाडीत उभी करून ते चालत आत आले, मोरीला शेवटचं तपासलं आणि तिच्या तापाची वही सुमतीच्या हातात देऊन, नवे डॉक्टर आले की त्यांना दाखवा, असं सांगितलं. मी बोलायचं ठरवलं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण मला म्हणायचं होतं ते म्हणायच्या आत त्यांनी विचारलं की नवीन कौलं गळत नाहीत ना. मी नाही म्हटलं. मग ते गेले. पुढची सगळी थंडी सकाळी आमच्याकडे कोणी आलं नाही. सुमतीने फाटक करून घ्या म्हटलं आणि मी ते करून घेतलं. मोरी सव्वासातला गोठ्यातून मान काढून बघत असे, निदान सुमतीचं तसं म्हणणं होतं.

त्याच थंडीत मी त्यांना भेटायला माणगावला गेलो. ती आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात कावीळ होऊन ते गेले, आणि आम्हाला कळलं तेही महिन्याने, तिथल्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलेलं माझं पत्र परत आल्यावर. मी पेणला गाडी बदलून दुपारी पोहोचलो. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी भात आणि अंड्यांचं कालवण केलं. सुमतीची, मोरीची, राघोच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली. माझ्या मनात होतं ते काढायला जागाच मिळेना. सकाळी मला एस.टी.वर सोडायला त्यांनी गाडी काढली. माणगावची थंडी आमच्यापेक्षा खरी थंडी. मी सवयीने समोर पाहिलं, की आता आपण कुठे जाणार. समोर शाळा होती. पोरं पाट्या-दप्तरं घेऊन आवारात खेळत होती.

डॉक्टरांनी गाडी चालू केली नाही. आधी क्लच दाबून धरला, गाडीच्या टाकीवर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि चार किका मारल्या. सावकाश, मोजून. मग पाचवीला गाडी चालू केली, गिअर टाकला. गाडी जागेवर उभी राहिली.

मी काही विचारलं नव्हतं. तरी ते म्हणाले, "तिथे तुम्ही होतात. इथे पोरं असतात."

नाक्याच्या अलीकडे एका बाईने हात करून गाडी थांबवली. तिची गाय पहाटेपासून अडली होती. वासराचा पाय मागे दुमडला होता. डॉक्टर माझी एस.टी. विसरले आणि मीही ती विसरलो. गोठा अंधारा होता. बाई गाईच्या तोंडाशी बसून तिची मान कुरवाळत होती. डॉक्टरांनी कोट काढला, हाताला साबण लावला, आणि मला मागे उभं करून गाईची शेपटी बाजूला धरायला सांगितलं. त्यांचा हात खांद्यापर्यंत आत होता, गाल गाईच्या पाठीला टेकलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तो अर्ज मी करायला नको होता."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आत कुठेतरी तो पाय शोधत होते.

"का?" ते म्हणाले. "त्यात खोटं काय लिहिलं होतंत?"

मी आठवून पाहिलं. खोटं काहीच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "शेपटी जरा वर धरा."

मी शेपटी वर धरली.